स्कीवरचं विमान शिकायचंय? आधी अपघातांच्या नोंदी वाचा

पुण्या-नाशिकहून, आणि हल्ली टेक्सस-न्यू जर्सीतल्या मराठी घरांमधूनही, मला जे फोन येतात त्यांतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, स्कीचं लायसन्स किती तासांत होतं?" मी अलास्कात अँकरेजला राहते आणि हिवाळ्यात टेलव्हील (छोटं तिसरं चाक शेपटीखाली असलेलं विमान) आणि स्की शिकवते, म्हणून हे फोन माझ्याकडे वळतात. उत्तर एका ओळीत संपतं: अमेरिकेत स्कीचं वेगळं लायसन्सच नाही. एका इंजिनाचं जमिनीवरचं विमान चालवायचा परवाना असेल, तर त्याच विमानाला चाकांऐवजी स्की, म्हणजे बर्फावर सरकणाऱ्या लांब पट्ट्या, लावून उडायला कायद्याची आडकाठी नाही. टेलव्हीलसाठी मात्र इन्स्ट्रक्टरची सही लागते, आणि स्कीवरची बहुतेक विमानं टेलव्हीलचीच असतात. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये डोंगरात उतरण्यासाठी वेगळी पात्रता घ्यावी लागते, चाकांची वेगळी आणि स्कीची वेगळी. इथे तसं काही नाही.

"म्हणजे लगेच कुठेही उतरता येईल?" हा दुसरा प्रश्न. कायद्याने, बहुतेक ठिकाणी, हो. म्हणूनच मी शिकवण्याची वेळ ठरवण्याआधी गृहपाठ देते: एनटीएसबीच्या (विमान अपघातांची चौकशी करणारी अमेरिकी सरकारी संस्था) संकेतस्थळावर जायचं, अलास्का निवडायचं, नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने निवडायचे आणि स्कीवर किंवा बर्फात उतरताना झालेल्या अपघातांचे अहवाल वाचायचे. सगळं फुकट आहे. काहीजण त्यानंतर फोन करत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही.

जे वाचतात त्यांची बहुधा निराशा होते. त्यांना वाटत असतं की वादळ असेल, इंजिन बंद पडलं असेल, कड्यावर आदळलं असेल. प्रत्यक्षात मजकूर फार मिळमिळीत असतो. विमान गोठलेल्या तळ्यावर किंवा नदीच्या पात्रात उतरलं. टेकलं व्यवस्थित. वेग कमी होत असताना एक स्की बर्फाच्या कवचातून खाली गेली, विमान त्या बाजूला वळलं, पंखाचं टोक टेकलं, किंवा नाक खाली जाऊन विमान पालथं झालं. पायलट आणि प्रवासी स्वतःच बाहेर आले. आणि शेवटी जवळजवळ ठरलेलं वाक्य: विमानात अपघाताआधी कोणताही यांत्रिक बिघाड नव्हता, असं पायलटने सांगितलं. म्हणजे विमान चांगलं होतं, हवा बरी होती, माणूस शिकलेला होता. राहिलं काय? बर्फ आणि उजेड. नवख्याने शिकायचं ते मुख्यतः हेच, आणि ते विमानात बसण्याच्या पुष्कळ आधी सुरू करता येतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. अमेरिकी नियमांत 'अपघात' ठरण्यासाठी कुणी मरण पावलेलं किंवा गंभीर जखमी झालेलं असावं लागतं, नाहीतर विमानाचं 'मोठं नुकसान' व्हावं लागतं. या मोठ्या नुकसानीच्या व्याख्येतून वाकलेला प्रॉपेलर, लँडिंग गिअर (विमान ज्यावर उभं राहतं ते पाय), चाकं, फ्लॅप, पंखांची टोकं हे सगळं वगळलेलं आहे. स्कीवरच्या विमानाचं नेमकं तेच मोडतं. नाक टेकलं, प्रॉपेलर वाकला, एक गिअर दुमडला, दुसऱ्या विमानाने नवा प्रॉपेलर आणून दिला आणि गडी घरी गेला, असा प्रकार नोंदीत येईलच असं नाही. त्यामुळे "आकडा तर इतकाच आहे" म्हणून हुरळून जाऊ नका. हँगरमधल्या गप्पांमध्ये नोंदींपेक्षा बरंच जास्त ऐकायला मिळतं.

आता उजेड. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

आपण जमिनीची उंची डोळ्यांनी मोजतो ती सावल्या, झाडं, गवत, रंगातले फरक यांच्या आधाराने. ताज्या बर्फाने झाकलेलं रुंद तळं आणि वर एकसारखे ढग असले की हे सगळे आधार एकदम नाहीसे होतात. ढगातून आलेला उजेड बर्फावरून परत वर जातो, पुन्हा खाली येतो, सावली कुठेच पडत नाही. याला इथे फ्लॅट लाइट म्हणतात. गंमत अशी की दूरचं स्पष्ट दिसत असतं. दहा मैलांवरचा डोंगर दिसतो, म्हणून दृश्यमानता उत्तम आहे असं वाटतं, आणि खाली आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, हे कळत नाही. पायलट जमीन आली असं समजून नाक उचलतो, विमान दहा-पंधरा फुटांवरच स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, आपटतं. नाहीतर उलटं: अजून वेळ आहे असं वाटत असताना स्की जोरात बर्फात घुसते.

या भ्रमाचं सगळ्यात भयंकर उदाहरण लहान विमानाचं नाही. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं आणि २५७ माणसं गेली. संगणकात भरलेला मार्ग कर्मचाऱ्यांना न सांगता बदलला गेला होता, हा त्यातला मोठा भाग. पण ढगाखाली, उघड्या हवेत उडणाऱ्या अनुभवी पायलटांना समोरचा चढ का दिसला नाही, याचं उत्तर चौकशी आयोगाच्या न्यायमूर्ती महॉन यांनी याच प्रकारच्या व्हाइटआउटमध्ये शोधलं. समोरचा पांढरा चढ आणि लांबपर्यंत पसरलेलं सपाट बर्फ यांत डोळ्याला फरकच दिसला नाही. ज्यांच्याकडे तेवढा अनुभव होता त्यांचे डोळे फसले, मग सुपर कबसारख्या दोन आसनी छोट्या विमानात बसलेल्या आपल्याबद्दल काय बोलायचं!

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. तळ्याच्या मधोमध उतरायचं नाही, काठाच्या झाडांना धरून उतरायचं, म्हणजे डोळ्याला उंची मोजायला काहीतरी राहतं. काठ नसेल तर स्प्रूसच्या फांद्या किंवा काहीतरी भरलेल्या काळ्या पिशव्या आधी एक फेरी मारून खाली टाकायच्या. (टाकलेलं नंतर उचलून आणायचं, हे सांगावं लागतं.) आणि तरीही खात्री नसेल तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे पायलट निश्चल पाण्यावर करतात तसं: थोडी पॉवर ठेवून, उतरण्याच्या बेतात नाक स्थिर करून, मिनिटाला शंभर-दीडशे फुटांच्या गतीने खाली येत राहायचं आणि स्की टेकेपर्यंत काही बदलायचं नाही. जमीन 'शोधायला' जायचं नाही. याला जागा खूप लागते, म्हणून आखूड पट्ट्यावर हा उपाय चालत नाही. तिथे एकच उपाय, परत जाणे.

डिसेंबरमध्ये अँकरेजला दिवस साडेपाच तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजाला टेकूनच फिरतो. आकाश स्वच्छ असेल तर तो तिरपा उजेड वरदान असतो, बर्फातली प्रत्येक वळी सावलीने उठून दिसते. तेच ढगाळ दुपारी तुम्ही त्याच तळ्यावर आलात तर जागा ओळखू येणार नाही. अहवाल वाचताना वेळ आणि आकाशाची नोंद आधी बघायची सवय लावा.

बर्फाचं वाचन उजेडाइतकं फसवं नाही, पण त्याचे प्रकार जास्त आहेत. वाऱ्याने कोरलेल्या कडक वळ्यांना सास्त्रुगी म्हणतात. वारा आडवा येत असला तरी त्या वळ्यांना समांतर उतरणंच पुष्कळदा शहाणपणाचं, कारण आडव्या गेलात तर गिअर मोडतो. उणे वीस-पंचवीसच्या खालचं बर्फ वाळूसारखं लागतं, स्की सरकतच नाही, टेकऑफला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. शून्याच्या आसपासचं ओलं बर्फ स्कीला चिकटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मधेच दोन दिवस ऊबदार वारा येऊन पुन्हा थंडी पडल्यावर तयार होणारं कवच. वरून टणक, खाली भुसभुशीत, चिरोट्याच्या पापुद्र्यासारखं. वेग आहे तोवर विमान त्यावरून तरंगत जातं, वेग कमी झाला की फुटतं, आणि दोन्ही स्की एकाच क्षणी फुटून आत जात नाहीत. वर सांगितलेले ते मिळमिळीत अहवाल बऱ्याचदा इथले असतात. रुंद टायर लावून बर्फावर उतरणाऱ्यांच्या अहवालांतही हेच कवच पुन्हा पुन्हा भेटतं.

तळं आणि नदीवर ओव्हरफ्लो नावाचा आणखी एक प्रकार असतो. वर साचलेल्या हिमाच्या वजनाने खालचा बर्फाचा थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि हिमाच्या खाली साचून राहतं. हिम हे उत्तम पांघरूण असल्यामुळे बाहेर उणे तीस असलं तरी ते पाणी गोठत नाही. वरून काहीही दिसत नाही. म्हणून पहिल्यांदा उतरायचंच नाही: टेकऑफच्या वेगाजवळ राहून स्की हलक्याने बर्फावर ओढत न्यायच्या, पुन्हा उडायचं, वळून येऊन आपल्याच खुणा बघायच्या. खूण राखाडी किंवा काळपट झाली असेल तर खाली पाणी आहे, घरी जा. पांढरी राहिली तर आणखी एक-दोनदा तीच खूण दाबायची, आणि मग त्याच खुणांवर उतरायचं. हे फार कंटाळवाणं काम आहे. माझ्याकडे येणारे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात नुसत्या खुणा करतात, उतरणं जवळजवळ नाहीच. तक्रार करतात. करू द्यावी.

हिमनदीवरचं उतरणं हा वेगळा विषय आहे आणि नवख्याने त्याच्या फोटोंवर भाळून लगेच तिकडे धावू नये. तरी थोडं सांगते, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. तत्त्व एवढंच की चढावर वर तोंड करून उतरायचं आणि उतारावर खाली तोंड करून उडायचं, वारा कुठलाही असो. आल्प्समध्ये हे तंत्र हेर्मान गायगर या स्विस पायलटने पन्नाशीच्या दशकात घासूनपुसून पक्कं केलं. इकडे अलास्कात १९५१ साली गिर्यारोहक ब्रॅडफर्ड वॉशबर्नच्या तुकडीला देनाली शिखराच्या वाटेवर कहिल्टना हिमनदीवर उतरवलं ते टेरिस मूर यांनी, आणि ते तेव्हा अलास्का विद्यापीठाचे अध्यक्ष होते! विद्यापीठाचा अध्यक्ष सुपर कब घेऊन हिमनदीवर, हे आपल्याकडे डोळ्यांसमोर आणून बघा. आज टाल्कीटना गावाहून उडणारी विमानं गिर्यारोहकांना त्याच हिमनदीवर सुमारे ७२०० फुटांवर सोडतात.

चढावर उतरताना दोन गोष्टी माणसाला मारतात. एक, चढ समोर असला की आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं आणि पायलट नकळत खाली येत राहतो. दोन, एका बिंदूनंतर परत फिरणं शक्यच नसतं, कारण डोंगर तुमच्या विमानापेक्षा जास्त वेगाने वर चढतो. तो बिंदू कुठे आहे हे वरून फेरी मारताना ठरवून मोठ्याने बोलायचं. मी विद्यार्थ्यांना मराठीतही बोलू देते. आणि उतरल्यावर चढावर नाक वर ठेवून थांबायचं नाही, पॉवर ठेवून विमान आडवं वळवून मगच थांबायचं. नाहीतर ते मागे घसरतं, किंवा रुतून बसतं आणि वळतच नाही.

हिमालयातलं एक प्रकरण आपल्या लोकांनी जरूर वाचावं. १९६० च्या स्विस धौलागिरी मोहिमेने पिलाटस पोर्टर जातीचं 'येती' नावाचं विमान स्कीसकट नेपाळात नेलं. एर्न्स्ट साक्सर आणि एमिल विक या पायलटांनी ते ५७०० मीटरच्या आसपास, धौलागिरीच्या ईशान्य खिंडीत उतरवलं. एवढ्या उंचीवर एकदा नव्हे, सामान घेऊन पुन्हा पुन्हा. पण विमान कोसळलं ते तिथे नाही, त्याहून खाली, मे महिन्यात दंबुश खिंडीजवळ, टेकऑफनंतर. दोघेही वाचले आणि पायी खाली आले. मोहिमेने त्याच महिन्यात शिखर गाठलं. जिथे सगळ्यांचा श्वास रोखलेला होता तिथे काही झालं नाही, आणि सोप्या मानलेल्या जागी विमान गेलं. अहवालांत हे इतक्या वेळा दिसतं की मला त्याचं आता नवल वाटत नाही.

यंत्राबद्दल थोडक्यात. स्कीला ब्रेक नसतात. कडक बर्फावर इंजिन नुसतं चालू केलं तरी विमान निघतं, म्हणून शेपूट बांधून मगच स्टार्ट करायचं. स्कीची टोकं हवेत खाली झुकू नयेत म्हणून पुढे आणि मागे तारा आणि रबरी ताण असतो. उड्डाणापूर्वी त्या हाताने तपासा, प्रत्येक वेळी. उडताना तार तुटून स्की उभी झाली तर विमान आवरणं फार कठीण. चाक-स्की दोन्ही असलेलं विमान असेल तर उतरण्यापूर्वी खिडकीतून डोळ्यांनी बघा: बर्फासाठी स्की खाली आहेत ना. चाकं बाहेर राहून खोल बर्फात उतरलेली विमानं नाकावरच जातात.

थांबल्यावरचं काम लोक विसरतात. घर्षणाने स्कीचा तळ गरम झालेला असतो, त्याखालचं बर्फ वितळतं आणि पाच-दहा मिनिटांत विमान जमिनीला गोठून चिकटतं. थांबण्यापूर्वी पुढेमागे करून तळ थंड होऊ द्यायचा, किंवा फांद्या, काठ्या अंथरून त्यावर चढवायचं. प्रवाशांना प्रॉपेलर पूर्ण थांबेपर्यंत बाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. बर्फात सगळे पाय घसरत असतात आणि सगळे फोटोच्या घाईत असतात. रुतलातच तर स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद जाळ्या) घालून धावपट्टी पायांनी तुडवायची आणि रात्रभर तशीच सोडायची, सकाळी ती टणक होते. म्हणजे रात्र तिथे काढायची तयारी हवी. अलास्काच्या कायद्यात कित्येक वर्षं विमानात काय असावं याची यादीच होती: आठवड्याचं खाणं, कुऱ्हाड, चाकू, काड्या, प्रथमोपचार, मासे पकडायचे गळ, आणि १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात स्नोशू आणि स्लीपिंग बॅगसुद्धा. यातलं काहीही विमानाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. काड्या आणि संदेश पाठवायचं यंत्र अंगावरच्या खिशात. विमान पालथं पडलं की मागचा कोपरा कुठे जातो ते फोटोंत दिसेल.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अँकरेजहून जुनोला निघालेलं सेसना ३१० नाहीसं झालं. त्यात अमेरिकी संसदेचे सदस्य हेल बॉग्ज आणि निक बेगिच होते. प्रचंड शोध झाला, विमान आजवर सापडलेलं नाही. अपघात झाल्यावर आपोआप संदेश देणारं ईएलटी विमानात सक्तीचं होण्यामागे हे प्रकरण होतं. आता २०२६ मध्येही जुनं १२१.५ मेगाहर्ट्झचं ईएलटी लावलेली विमानं भेटतात. उपग्रहांनी तो संदेश ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय. उपग्रह ज्याचा संदेश ऐकतात ते ४०६ मेगाहर्ट्झचं यंत्र आहे का आणि ते तुमच्या नावावर नोंदलंय का, हे विमान भाड्याने घेताना विचारा. कुणाला राग आला तर येऊ द्या.

अहवाल कसा वाचायचा, याबद्दल शेवटची सूचना. पहिल्या पानावरच्या 'संभाव्य कारणा'वर थांबू नका, ते बहुधा एका वाक्यात 'पायलटने अयोग्य जागा निवडली' असं काहीतरी असतं. खाली कागदपत्रांचा संच जोडलेला असतो. त्यात पायलटने स्वतः भरलेला फॉर्म असतो आणि त्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: हा अपघात कसा टळला असता? पायलटने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं ते उत्तर आधी वाचा. मग फोटोंकडे जा आणि बर्फावरच्या स्कीच्या खुणा बघा: कुठे टेकली, कुठे सरळ गेली, कुठून एक खूण खोल होत गेली. त्यानंतर विचारा की या जागी हा माणूस आधी खुणा करून गेला होता का.

नोकरीचं विचारता म्हणून सांगते. विद्यार्थी व्हिसावर येऊन शिकता येतं, पण त्यावर कायम नोकरी करता येत नाही. काम करण्याचा परवाना वेगळा लागतो. भाड्याने विमानं उडवणाऱ्या छोट्या कंपन्यांत दृश्य-नियमांखाली (बाहेर डोळ्यांनी बघून उडण्याचे नियम) कॅप्टन व्हायला कायद्याने किमान ५०० तास लागतात, आणि स्कीवर प्रवासी न्यायला कंपनी त्याहून बरंच जास्त मागते. शिकायला यायचं तर मार्चमध्ये या. दिवस बारा तासांचा झालेला असतो, थंडी सोसवते आणि तळी अजून पक्की असतात. बूट मात्र इथे येऊनच घ्या, सह्याद्रीत घालायचे ट्रेकिंगचे बूट उणे वीसला पाय वाचवत नाहीत.